बेअरिंगचे पैसे दिले, हब नट मात्र जागचा हललाच नाही

गणपतीला मुंबईहून गाडी घेऊन गावी येणाऱ्यांनी हे वाचून ठेवावं. त्या दिवसांत महामार्गावरच्या गॅरेजवाल्याला पक्कं ठाऊक असतं की गाडीत म्हातारी माणसं आहेत, घरी पोचायची घाई आहे आणि हे गिऱ्हाईक परत फिरकणार नाही.

आमच्या गाडीला पुढून घूंऽ असा आवाज येत होता. साठच्या पुढे वाढायचा, क्लच दाबला तरी तसाच राहायचा. म्हणजे इंजिनचा नव्हे. मोकळ्या रस्त्यावर स्टिअरिंग किंचित डावीकडे घेतलं की चढायचा, उजवीकडे घेतलं की उतरायचा. डावीकडे वळताना भार उजव्या चाकावर येतो, तेव्हा संशय उजव्या बेअरिंगवर, म्हणजे चाक ज्यावर सहज फिरतं त्या भागावर. (टायर उंचसखल झिजले तरी असाच आवाज येतो. पुढचे टायर मागे टाकून पाहा. आवाजही मागे गेला तर दोष टायरचा.)

चिपळूण सोडल्यावर एका गॅरेजात थांबलो. मेकॅनिकने जॅक लावला, चाक वरखाली धरून हलवलं आणि म्हणाला, "साहेब, दोन्ही बाजूंची गेलीत. घाटात चाक निखळलं म्हणजे?" मागच्या सीटवर आत्याने लगेच रवळनाथाला हाक मारली. मग काय, साडेसात हजार. "चहा घेऊन या, तोवर होतंय." आलो तर चाकं चढलेली, आणि फडक्यावर दोन गंजकी बेअरिंगं मांडून ठेवलेली.

पुढे पाऊस आणि गाड्यांची रांग. चाळीसच्या वर वेग गेलाच नाही, त्यामुळे आवाजही नाही. राजापूरच्या पुढे रस्ता मोकळा मिळाला आणि तोच घूंऽ.

कुडाळच्या ओळखीच्या मेकॅनिकने चाकाच्या मधली टोपी काढून टॉर्च मारला, दुसऱ्या बाजूलाही तेच केलं, आणि हसला. "ह्यो नट कोणी खोललोच नाय."

हे नीट समजून घ्या. मधला मोठा हब नट आवळल्यावर त्याची कड छिन्नीने एक्सलच्या (चाक फिरवणाऱ्या दांड्याच्या) खाचेत ठोकून बसवतात. बेअरिंग काढायचं तर ती कड उचकटावीच लागते, आणि बसवताना नट नवा घालायचा असतो. आमच्या दोन्ही नटांवर ठोकलेली जुनी खूण आणि त्यावर अखंड गंज. काही गाड्यांत तिथे स्प्लिट पिन (नट फिरू नये म्हणून आरपार घालून टोकं दुमडलेली पिन) असते; तीही जुनीच दिसली तर तेच समजा. कामाआधी मोबाइलवर त्या नटाचा फोटो काढायला कितीसा वेळ लागतो?

फडक्यावरची बेअरिंगंही आमची नव्हतीच. त्यांत निमुळते रोलर होते. आमच्या गाडीत पुढे दोन रांगांत गोळ्या असलेलं सीलबंद बेअरिंग येतं. आणि वेळ! हे काम एका चहात होत नाही. हे बेअरिंग नकलमध्ये (चाकाला आधार देणाऱ्या धातूच्या जाड भागात) घट्ट बसलेलं असतं. नकल उतरवून हायड्रॉलिक प्रेसवर जुनं काढायचं, नवं दाबायचं. त्या गॅरेजात प्रेसच नव्हता. हातोड्याने ठोकून बसवणारेही भेटतात. त्यात गोळ्यांच्या वाटेवर खड्डे पडतात आणि नवं बेअरिंग लवकरच वाजू लागतं. एबीएसच्या (जोरात ब्रेक मारला तरी चाक जॅम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) गाडीत बेअरिंगची चुंबकी बाजू सेन्सरकडे यावी लागते. उलटं बसलं तर डॅशबोर्डवर दिवा लागतो. "ग्रीस भरून देतो" हेही ऐकू नका, सीलबंद बेअरिंगात ग्रीस भरत नाहीत.

आमचं खरोखर गेलं होतं ते एकच, उजवं. सील झिजलेलं आणि आतलं ग्रीस पाणी शिरून राखाडी झालेलं. मोरीवरून वाहणाऱ्या पाण्यातून गाडी घालायची आपल्याकडची सवय, त्यात तापलेला हब (चाक ज्यावर बसतं तो मधला भाग) अचानक गार झाला की पाणी आत ओढतो. डाव्याला हात लावायची गरज नव्हती.

त्या गॅरेजला फोन केला तर म्हणाला, "गाडी घेऊन या, बघू." ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ नंबर आहे, पण तिथे दाखवायला माझ्याकडे काय? वहीच्या फाटक्या पानावर 'बेअरिंग २' आणि खाली आकडा. ना गाडीचा नंबर, ना गॅरेजचं नाव.