सिनेमाच्या संचावर गाणं ऐकायचं तर: काही महिन्यांच्या वापरानंतर

होम थिएटरचा संच निवडताना डोक्यात सिनेमा असतो. विमान डोक्यावरून गेलं पाहिजे, स्फोट झाला की सोफा हादरला पाहिजे. माझ्या ५.१ संचावर (पाच स्पीकर आणि खालचे सूर वाजवणारा एक सबवूफर) हे सगळं पहिल्या दिवसापासून छान होत होतं, आजही होतं. पण त्याच संचावर नुसतं गाणं लावलं की आवाज मोठा असूनही पोकळ लागायचा. गायकाचा आवाज पातळ, खालचे सूर कोपऱ्यातून वेगळेच घुमणारे, आणि डोळे मिटले तरी कोण कुठे बसून वाजवतंय याचा पत्ता नाही. गाण्यासाठी वेगळा अ‍ॅम्प्लिफायर, वेगळे मोठे स्पीकर असा दुसरा संसार मांडण्याइतकं बजेट नव्हतं. त्यामुळे आहे त्या रिसीव्हरवरच, म्हणजे सगळे स्पीकर चालवणाऱ्या यंत्रावरच, काम केलं. आता काही महिने रोज त्यावर गाणं ऐकल्यावर माझं ठाम मत असं झालंय: गाण्यासाठी पैसे घालायचे ते पुढच्या दोन स्पीकरमध्ये. बाकी बहुतेक सुधारणा जागा आणि सेटिंग बदलून, फुकटात होतात.

आधी दुखणं नेमकं कुठे आहे ते सांगतो. अशा संचाबरोबर येणारे सॅटेलाइट स्पीकर म्हणजे तळहाताएवढ्या डब्या, आत जेमतेम तीन इंची कोन, म्हणजे थरथरून आवाज काढणारा पडदा. एवढा कोन १५० हर्ट्झच्या (सेकंदाला १५० कंपनांच्या) खाली फारसं काही वाजवू शकत नाही, म्हणून रिसीव्हर त्याखालचं सगळं सबवूफरकडे पाठवतो. आता पुरुषी आवाजाचा मूळ सूर बोलताना साधारण ८५ ते १८० हर्ट्झमध्ये असतो. म्हणजे गायकाची छाती कोपऱ्यातल्या सबवूफरमधून आणि ओठ समोरच्या डबीतून. साधारण ८० हर्ट्झच्या खाली आवाज कुठून येतोय हे कानाला सहसा कळत नाही, पण १५० ला चांगलंच कळतं. सर्वात स्पष्ट जाणवायचं ते तबल्यात. डग्ग्यावर मनगट दाबत नेलं की सूर वर चढतो. तो चढता चढता माझ्याकडे कोपऱ्यातून उठून समोरच्या डबीत उडी मारायचा. एकदा हे कानात बसलं की मग दुसरं काही ऐकूच येत नाही!

तरीही स्पीकर बदलण्याआधी फुकटची कामं करून घ्यावीत, कारण नवे स्पीकर आणले तरी ती करावीच लागतात.

पहिलं, रिसीव्हरचा मोड. बरेच रिसीव्हर प्रत्येक इनपुटला शेवटचा वापरलेला मोड लक्षात ठेवतात. त्यामुळे गाण्याच्या इनपुटवर सिनेमाचा कुठला तरी 'हॉल' किंवा 'ऑल चॅनल स्टिरिओ' चालू राहिलेला असतो आणि आपल्याला त्याची सवयही झालेली असते. पाची स्पीकरमधून तेच गाणं आलं की खोली भरते खरी, पण समोरचं चित्र पुसलं जातं. साधा 'स्टिरिओ' निवडा. 'डायरेक्ट' किंवा 'प्युअर डायरेक्ट' नावाने भारी वाटतं, पण अनेक रिसीव्हरमध्ये त्यात सबवूफरची विभागणीही बंद होते. मग छोट्या डब्यांवर सगळा भार पडतो आणि आवाज आणखीनच पातळ होतो. मोठे स्पीकर असतील तरच त्या वाटेला जावं. नाइट मोड, डायनॅमिक व्हॉल्यूम वगैरे गाण्यासाठी बंद. हळू आणि मोठ्या आवाजातलं अंतर ते दाबून टाकतात आणि आलापीतला सगळा चढउतार त्यात सपाट होतो. गाणं टीव्हीमार्फत येत असेल तर टीव्हीतला आभासी सराउंड बंद करून ऑडिओ आउटपुट पीसीएमवर (न दाबलेला डिजिटल आवाज) ठेवा.

ब्लूटूथबद्दल लोक फार भांडतात. आकडे सांगायचे तर साध्या एसबीसी कोडेकचा (आवाज दाबून पाठवायच्या पद्धतीचा) वेग सेकंदाला साधारण ३२८ किलोबिट, आणि सीडीचा १४११. वायरने किंवा नेटवर्कवरून ऐकलं तर झांजा, तंबोऱ्याचा झंकार जास्त मोकळा वाटतो, म्हणून मी तेच वापरतो. पण हा फरक पुढे सांगतोय त्याच्या तुलनेत किरकोळ आहे. आधी याच्या मागे लागू नका.

खरी जादू जागेत आहे. स्टिरिओची कल्पना १९३१ साली अ‍ॅलन ब्लूमलाइन या इंग्रज अभियंत्याने पेटंटमध्ये मांडली. तिचा आपल्यापुरता गाभा एवढाच, की दोन स्पीकरमधल्या मोकळ्या जागेत, जिथे काहीच ठेवलेलं नाही तिथे, गायक उभा राहिला पाहिजे. माझे दोन्ही स्पीकर टीव्हीच्या युनिटच्या खणात होते. खण म्हणजे एक खोकंच, त्यात आवाज घुमतो आणि कडांवरून परततो. बाहेर काढून स्टँडवर ठेवले, ट्वीटर (वरचे सूर वाजवणारा छोटा भाग) बसल्यावर कानाच्या उंचीला येईल असे. दोघांतलं अंतर आणि प्रत्येकापासून माझ्या जागेचं अंतर टेपने मोजून सारखं केलं. मग दोघांना थोडंसं आत वळवलं, नेम माझ्या कानांच्या किंचित मागे. दोन्हीकडच्या अंतरात दोन-तीन इंचांचा फरक असला तरी गायक एका बाजूला सरकतो, त्यामुळे टेप वापराच. खात्री करायला एखादं जुनं मोनो गाणं (दोन्ही स्पीकरमधून एकच आवाज येणारं) लावा. ते आडवं पसरलेलं वाटलं तर अजून काम बाकी आहे. नीट जमलं की सगळं गाणं मधल्या एका जागेतून येतं.

मागच्या भिंतीपासूनचं अंतर हा वेगळाच प्रकार आहे. स्पीकरमधून निघालेला खालचा सूर मागच्या भिंतीवर आपटून परत येतो, आणि ज्या सुराची पाव लहर त्या अंतराएवढी असते तो मूळ सुराला उलटा भेटून खाऊन टाकतो. स्पीकर भिंतीपासून ६० सेंटिमीटरवर असेल तर हे सुमारे १४३ हर्ट्झला होतं, म्हणजे बरोबर आवाजाच्या पायथ्याशी. भिंतीला चिकटवला तर हा खड्डा वरच्या सुरांकडे सरकतो, पण खालचे सूर फुगतात. दोन्हींत तोटा आहे, म्हणून थोडं थोडं सरकवून ऐकण्याला पर्याय नाही. मी एकच ओळखीचं गाणं लावून चार बोटं मागे, चार बोटं पुढे असं करत गेलो आणि जिथे आवाजाला अंग आलं तिथे खाली चिकटपट्टीने खूण केली. आपल्या बसायच्या जागेचंही तसंच आहे. चार मीटर लांबीच्या खोलीत साधारण ४३ हर्ट्झचा सूर भिंतीशी सर्वात जास्त फुगतो. सोफा मागच्या भिंतीला टेकलेला असेल तर नेमकी तीच जागा आपल्या वाट्याला येते. सोफा अर्धा मीटर पुढे ओढल्यावर माझ्याकडचं निम्मं घुमणं गेलं. सबवूफरचं सेटिंग तोवर बदललंही नव्हतं.

आता खर्चाची बाब. वापरलेले बुकशेल्फ स्पीकर घेतले, साडेसहा इंची वूफर (खालचे सूर वाजवणारा भाग) आणि एक इंची ट्वीटरवाले. वापरलेला माल घ्यायला माझी ना नाही, उलट बजेट कमी असेल तर तोच रस्ता आहे, कारण चांगला स्पीकर वर्षानुवर्षं टिकतो. फक्त तपासून घ्या. कोनाभोवतीची कड फोमची असेल तर ती काळाने भुगा होते, रबराची बरीच टिकते. कोन दोन्ही हातांच्या बोटांनी अलगद, सारखा आत दाबून बघा. खरखर जाणवली तर आतलं कॉइल घासतंय, सोडून द्या. ट्वीटरला पोचा नाही ना, तेही बघा. आणि दोन्ही स्पीकर एकेक करून, नुसत्या गाणाऱ्या आवाजावर ऐका. दोघांचा रंग एकच असला पाहिजे.

रिसीव्हरला किती ओमचा (विजेला होणाऱ्या अडथळ्याचं माप) स्पीकर चालतो हे त्याच्या पाठीवर लिहिलेलं असतं, ते पाळा. वॅटचं मात्र फार मनावर घेऊ नका. ८७ डेसिबल संवेदनशीलतेचा स्पीकर एका वॅटवर, एक मीटरवर तेवढा आवाज देतो, आणि वॅट दुप्पट केले तर फक्त ३ डेसिबल वाढतात. घरात गाणं ऐकताना सरासरी वॅट-दोन वॅटच खर्च होतात. खोक्यावरचे हजार वॅट मोजण्यापेक्षा स्पीकरची संवेदनशीलता बघावी.

स्पीकर लागले की क्रॉसओव्हर, म्हणजे ज्याच्या खालचे सूर सबवूफरकडे जातात ती सीमा, ८० वर आणला आणि तिथेच ती डग्ग्याची उडी थांबली. मनगटाने चढवलेला तो सूर, म्हणजे घिस्सा, आता एकाच जागी, एकाच अंगाने वर चढतो. एवढ्यासाठी तरी हा सगळा खटाटोप मला परत करायला आवडेल. रिसीव्हरची आपोआप मोजणी (माइक लावून तो स्पीकर आणि खोली तपासतो ती) असे स्पीकर कधीकधी 'लार्ज' ठरवते. ते हाताने 'स्मॉल' करा. यात स्पीकरचा अपमान नाही, खालचा भार सबवूफरकडे जाऊन वूफर मोकळा होतो एवढंच. 'एलएफई प्लस मेन' हा पर्याय टाळा, कारण त्यात तेच खालचे सूर स्पीकर आणि सबवूफर दोघेही वाजवतात आणि गढूळ होतं. सबवूफरच्या पाठीवरचं क्रॉसओव्हरचं बटण शेवटपर्यंत वर फिरवा, नाहीतर एकावर एक दोन चाळण्या लागतात. मोजणीनंतर रिसीव्हर सबवूफरचं अंतर टेपपेक्षा जास्त दाखवत असेल तर ते बरोबर आहे. सबवूफरच्या आतल्या प्रक्रियेला लागणारा वेळ त्यात धरलेला असतो. 'दुरुस्त' करायला जाऊ नका.

सबवूफरची जागा शोधायची जुनी युक्ती मला सर्वात उपयोगी पडली. सबवूफर आपल्या बसायच्या जागी ठेवायचा, चालत्या बेसचं गाणं लावायचं आणि आपण रांगत भिंतीकडेने फिरायचं. जिथे प्रत्येक सूर सारखा, सुटा ऐकू येतो तिथे सबवूफर ठेवायचा. माझ्याकडे ती जागा कोपऱ्यात नव्हती, पुढच्या भिंतीच्या मध्याच्या थोडी डावीकडे निघाली.

मोजणीबद्दल थोडं. रिसीव्हरमधली मोजणीची प्रणाली ऑडिसी असो, वायपीएओ असो, माइक कानाच्या उंचीला ट्रायपॉडवर ठेवा, सोफ्याच्या पाठीवर नको. ऑडिसीवाल्यांनी 'डायनॅमिक इक्यू'कडे जरूर लक्ष द्यावं. आवाज कमी केला की कानाला खालचे सूर आधी कमी ऐकू येतात, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच मोजून दाखवलं होतं, आणि हे सेटिंग ती उणीव भरून काढतं. पण त्याचा हिशोब सिनेमाच्या ठरलेल्या पातळीवर बेतलेला आहे. गाण्याचं रेकॉर्डिंग तशा पातळीला बांधलेलं नसतं. म्हणून गाण्याच्या इनपुटवर 'रेफरन्स लेव्हल ऑफसेट' १० किंवा १५ डेसिबल ठेवला, नाहीतर बेस उतू जातो.

वायर तांब्याची, १६ गेजची पुरे. अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली नको. प्लस-मायनस दोन्हीकडे एकसारखं आहे ना बघा, एक उलटं लागलं की बेस गायब होतो आणि गायक खोलीभर विखुरतो. याहून महाग वायरीत मी एक पैसाही घालणार नाही. खोलीसाठी जमिनीवर जाड गालिचा आणि बाजूच्या भिंतीवर पडदा. भिंतीवर आरसा सरकवत न्यायचा आणि बसल्या जागेवरून त्यात स्पीकर दिसला की तीच पडद्याची जागा.

वेगळा स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायर लागेल का, हा प्रश्न मलाही होता. मित्राचा आणून याच स्पीकरना जोडला, दोन्हींची पातळी मीटरने सारखी केली, कारण किंचित मोठं वाजणारं यंत्र नेहमीच चांगलं वाटतं. रोजच्या आवाजात मला दोघांत सांगण्यासारखा फरक सापडला नाही. स्पीकर चार ओमचे, जड चालणारे असते किंवा खोली मोठी असती तर वेगळं निघू शकलं असतं. पुढेमागे जोडायचा विचार असेल तर रिसीव्हरला प्री-आउट (बाहेरचं यंत्र जोडायची जागा) आहे का हे आधी बघा. स्वस्त रिसीव्हरला बहुधा नसतं.

या बदलाची किंमत सिनेमाने मोजली, तेही सांगायला हवं. पुढचे दोन स्पीकर भरदार झाले आणि मधला सेंटर तीच जुनी डबी राहिला. पात्र डावीकडून उजवीकडे बोलत गेलं की मध्येच त्याचा आवाज बदलायचा. सध्या सेटिंगमध्ये सेंटर 'नन' करून टाकलाय, संवाद दोन मुख्य स्पीकरमध्ये वाटले जातात आणि मध्ये बसणाऱ्याला ते अगदी पडद्यातून येतात. कडेला बसणाऱ्याला मात्र जवळच्या स्पीकरमधूनच ऐकू येतात, त्यामुळे घरचे सगळे एकत्र बसले की तक्रार होते. त्यावर उपाय म्हणजे याच मालिकेतला सेंटर, आणि तो वापरलेला मिळायला वेळ लागतोय.