लाचप्रतिबंधाचा ऑनलाइन अभ्यासक्रम : कायद्यांची बाजू भक्कम, प्रतिबंधाची लंगडी

परदेशांशी व्यवहार करणाऱ्या कर्मचाऱ्यांसाठीचा लाचप्रतिबंधाचा एक ऑनलाइन अभ्यासक्रम नुकताच पूर्ण केला. अशा अभ्यासक्रमांत उपदेशापलीकडे सहसा काही हाती लागत नाही. इथे मात्र निरनिराळ्या देशांचे कायदे शेजारी शेजारी ठेवून त्यांतले फरक दाखवले आहेत.

सर्वांत सरस आहे तो किरकोळ रकमांवरचा धडा. माल बंदरात अडकला आहे, कागदपत्रे पूर्ण आहेत आणि सीमाशुल्क अधिकारी फाइल पुढे सरकवण्यासाठी थोडी चिरीमिरी मागतो आहे. अशा वेळी काय कराल, असा प्रश्न येतो. जे काम अधिकाऱ्याला एरवीही करावेच लागते ते लवकर व्हावे म्हणून दिलेल्या रकमेला अमेरिकेच्या १९७७च्या कायद्यात अपवाद आहे, ब्रिटनच्या २०१०च्या कायद्यात तो नाही; त्यामुळे एकाच प्रसंगाची दोन उत्तरे निघतात. शिवाय ब्रिटनमध्ये कंपनीच्या वतीने कोणी तिच्या फायद्यासाठी लाच दिली, तर ती रोखता आली नाही म्हणून कंपनीही गुन्हेगार ठरते आणि आपल्याकडे पुरेशी व्यवस्था होती हे तिलाच सिद्ध करावे लागते. परदेशात दिलेली लाच जर्मनीत १९९९पर्यंत करातून वजा करता येत असे, ही माहितीही जाता जाता मिळते. भारताच्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातील २०१८च्या दुरुस्तीनुसार लाच देणाराही थेट गुन्हेगार ठरतो, परंतु बळजबरीने द्यावी लागल्यास सात दिवसांत तक्रार करणाऱ्याला सूट आहे. ही तरतूद दोन वाक्यांत उरकली आहे. वास्तविक तिच्यावर स्वतंत्र प्रसंग हवा होता.

प्रतिबंधावरचा दुसरा भाग मात्र निराशा करतो. हाँगकाँगच्या १९७४ साली स्थापन झालेल्या भ्रष्टाचारविरोधी आयोगाला एक छायाचित्र आणि पीटर गॉडबर या फरार पोलीस अधिकाऱ्याची कथा एवढीच जागा मिळाली आहे. त्या आयोगाचे खरे वैशिष्ट्य त्याच्या तीन विभागांत आहे : एक तपास करतो, दुसरा लोकांमध्ये जाऊन प्रबोधन करतो आणि तिसरा सरकारी खात्यांच्या कार्यपद्धती तपासून, कोणत्या टेबलावर एकाच माणसाच्या मर्जीवर काम अडू शकते हे शोधून तिथली पद्धत बदलायला सुचवतो. या तिसऱ्या विभागाचा उल्लेखही नाही. युक्रेनने २०१६पासून सरकारी खरेदी प्रोझोरो या खुल्या प्रणालीवर आणली, तिथे निविदा आणि करार कोणालाही पाहता येतात; तीही गायब. प्रतिबंध शिकवायचा म्हणता आणि शिक्षांचीच यादी देता, हे कसे?

मजकूरही जागोजागी शिळा आहे. इंडोनेशियाचा भ्रष्टाचार निर्मूलन आयोग पूर्वीइतकाच स्वतंत्र असल्याचे अजून सांगितले जाते. वास्तविक २०१९च्या दुरुस्तीने त्याला प्रशासनाच्या कक्षेत आणून त्याच्यावर देखरेख मंडळ बसवले. अमेरिकेने फेब्रुवारी २०२५मध्ये आपल्या कायद्याची अंमलबजावणी काही काळ थांबवली होती, त्याचीही दखल नाही.

शेवटची परीक्षा धडे न वाचताही पार करता येते, कारण चुकीचे उत्तर दिले की बरोबर उत्तर समोर येते आणि पुढच्या वेळी प्रश्न तेच असतात. विक्री आणि मालवाहतूक विभागातील लोकांनी पहिला भाग अवश्य करावा. खरेदीची किंवा परवान्यांची कार्यपद्धती आखणाऱ्यांसाठी मात्र यात फारसे काही नाही.