पिकअपवर कडक डबा की पॉप-अप छत? चार पावसाळे दोन्ही जवळून बघितल्यावर

तुर्भ्याच्या काट्यावर फक्त मागची चाकं चढवून वजन घेतलं आणि पावतीवर आकडा आला १,७६० किलो. मी तिथेच उकिडवा बसून मागच्या टायरवरचा नंबर वाचला, १०४. लोड इंडेक्स १०४ म्हणजे एका टायरला ९०० किलो, दोघांना मिळून १,८००. आरसीवर एकूण मर्यादा २,९९०, माझं सगळं भरून वजन २,७००, मी आपला खुशीत की अजून २९० किलो हातात आहेत, आणि प्रत्यक्षात मागच्या टायरांकडे फक्त ४० किलो शिल्लक. आणि याच अवस्थेत मी आणि बायको दोनदा माळशेज उतरून आलो होतो.

म्हणून पिकअपच्या हौद्यावर चढवायचा कॅम्पर डबा, ज्यात झोपता आणि स्वयंपाक करता येतो, तो कुठला घेऊ असं कुणी विचारलं की मी आधी काट्याची पावती मागतो, फोटो नंतर.

आता दोन डबे कुठले ते सांगतो. आमचा कळव्यात मंडपाचा धंदा आहे, सिंगल केबिनचा १.३ टनी पिकअप आठवडाभर बांबू आणि पडदे वाहतो आणि सुट्टी मिळाली की त्यावर डबा चढतो. माझा डबा कडक, म्हणजे चारही भिंती आणि छत पक्कं, अॅल्युमिनियमच्या चौकटीवर पॅनेल, रबाळे एमआयडीसीतल्या एका शेडमध्ये बनवून घेतला, रिकामा ६४० किलो. माझा मावसभाऊ घणसोलीला असतो, आम्ही त्याला दादाच म्हणतो, त्याची गाडी डबल केबिनची, पांढऱ्या पाटीची, त्यावर पॉप-अप आहे, म्हणजे चालवताना छत खाली बसलेलं आणि मुक्कामाला गॅस स्ट्रटवर, म्हणजे गॅस भरलेल्या आधाराच्या दांड्यांवर, वर उचलायचं, मधल्या भिंती कॅनव्हासच्या. त्याचा सगळा मिळून २१० किलो. चार पावसाळे दोन्ही गाड्या बरोबर फिरल्यात, एकमेकांच्या डब्यात आम्ही झोपलोय पण, त्यामुळे ऐकीव काही लिहीत नाहीये.

वजनाचं अजून थोडं सांगतो कारण तिथेच निम्मा निर्णय होतो. दादाच्या आरसीवरची एकूण मर्यादा आणि रिकामं वजन यांची वजाबाकी केली तर येते ४७० किलो. त्यात डबा २१०, तो, वहिनी आणि मुलगा मिळून १८०, राहिले ८०. त्या ८० किलोत पाणी, बॅटरी, भांडी, खाणं, अंथरुणं सगळं बसवायचं, पाणी लिटरला एक किलो हे लक्षात ठेवा. म्हणजे अशा गाडीवर कडक डब्याचा विषयच संपला, कितीही आवडला तरी. आणि कुणी गॅरेजवाला म्हणेल मागच्या स्प्रिंगला एक पाटा वाढवून देतो, होईल काम. पाटा वाढवला की गाडी मागून बसलेली दिसत नाही एवढंच, टायर, बेअरिंग, ब्रेक आणि आरसीवरचा आकडा आहे तिथेच राहतो. हे मी तळमळीने सांगतोय कारण मलाही पाटा वाढवूनच दिला होता आणि मी निर्धास्त झालो होतो.

माझ्या बाबतीत उपाय शेवटी सोपा निघाला. ६० लिटरची टाकी आणि दोन लेड अॅसिड बॅटऱ्या मागच्या दारापाशी होत्या, त्या पुढे केबिनला लागून घेतल्या, नंतर त्या दोन बॅटऱ्यांच्या जागी १०० अॅम्पिअर अवरची एक लिथियम टाकली. लेड अॅसिड निम्म्याच्या खाली उतरवली की लवकर मरते म्हणून दोन लागत होत्या, वजन दोघींचं ६० किलो, लिथियम १३ किलोत तेवढंच काम करते. परत काट्यावर गेलो तर मागचं वजन १,६४०. गाडी वळणावर एकदम वेगळी वाटायला लागली.

टायरबद्दल एकच, बाजूला चार आकडी तारीख असते, २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. कॅम्परची गाडी कमी फिरते त्यामुळे नक्षी नवीकोरी दिसते आणि रबर म्हातारं झालेलं असतं. सहा वर्षांच्या पुढे मी ठेवत नाही, स्टेपनीसुद्धा. आणि तो लोड इंडेक्स पुरी हवा असेल तरच खरा, कमी हवेवर नाही.

उंचीचं आपल्याकडे फार महत्त्व आहे. माझा डबा चढवला की गाडी साडेनऊ फूट, सोसायटीच्या पोडियममध्ये जाणं शक्य नाही, म्हणून डबा धंद्याच्या गोडाऊनमध्ये उभा असतो. दादाची बंद अवस्थेत साडेसात फूट, त्याच्या बिल्डिंगचं स्टिल्ट, म्हणजे खांबांवरच्या बिल्डिंगखालचं पार्किंग, आठ फुटाचं आहे, तिथे आरामात बसते. ठाण्यात ज्यांच्याकडे गोडाऊन नाही, गावी जागा नाही, त्यांनी कडक डब्याचा विचार करायच्या आधी तो वर्षातले तीनशे दिवस कुठे उभा राहणार ते ठरवा. उघड्यावर ताडपत्री टाकून ठेवू म्हणाल तर पुढचं वाचा.

पावसाचं. आपल्याकडे ठाण्यात वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. सगळ्यांना वाटतं कडक डबा म्हणजे पावसाला पक्का आणि कॅनव्हास म्हणजे गळणार. माझा अनुभव एवढा सरळ नाही. दुसऱ्या जुलैत बेडच्या वरच्या कोपऱ्यात चहाच्या डागासारखा एक डाग दिसला, हाताएवढा पण नाही. मी अंगठ्याने दाबला तर अंगठा पहिल्या पेरापर्यंत आत गेला. पॅनेलच्या आत कोपऱ्याला जो प्लाय होता त्याचा भुसा झाला होता, आणि तो भुसा ओला, कुजल्या वासाचा. बाहेरून तिथे काहीच दिसत नव्हतं. शेडवाल्याने सगळ्या सांध्यांना साधं सिलिकॉन मारलं होतं, बाथरूमला मारतात ते, आणि गाडीच्या हलण्याने ते एका बाजूने केसभर सुटलं होतं. दुरुस्तीत खरा त्रास असा की सिलिकॉनचा अंश जरी राहिला तरी त्यावर दुसरं सीलंट धरत नाही, दोन दिवस आम्ही नुसतं खरवडत होतो. आता सांध्यावरच्या पट्टीच्या खाली ब्यूटाइलची चिकट रबरी टेप आणि वरून पॉलियुरेथेन सीलंट, आणि दर मे महिन्यात तपासणी. तपासणीची पद्धत सांगतो, खिडक्या बंद करायच्या, छताच्या झडपेतून पंख्याने हवा आत ढकलायची आणि बाहेरून सगळ्या सांध्यांवर साबणाचं पाणी फिरवायचं, जिथे फेसाचे बुडबुडे येतात तिथे फट आहे. तासाभराचं काम आहे, पण यानेच डबा वाचतो.

दादाचा कॅनव्हास गळत नाही, खरंच नाही, शिवणीला मेण लावतो तो दर वर्षी. त्याचं दुखणं वेगळं. सकाळी पावसात निघायचं असेल तर कॅनव्हास ओलाच दुमडावा लागतो, आणि आपल्या दमटपणात दोन दिवस तसा राहिला की काळ्या ठिपक्यांची बुरशी धरते, मग तो वास गादीत जातो आणि मुलाला दम्याचा त्रास आहे त्यामुळे वहिनींनी एकदा भंडारदऱ्याहून आल्या आल्या सगळं बाहेर काढायला लावलं होतं. घरी आल्यावर छत परत उघडून वाळवायचं म्हटलं तर आठ फुटाच्या स्टिल्टमध्ये छत उघडत नाही. म्हणून जून ते सप्टेंबर तो जवळपास बाहेर पडत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी मात्र पॉप-अपला तोड नाही, काशीद दिवेआगरला रात्री चारी बाजूंच्या जाळ्या उघडल्या की वारा आरपार, माझ्या डब्यात तेव्हा पंखा लावून पण घाम येतो.

माकडांचं कुणी सांगत नाही म्हणून सांगतो. माळशेजला थांब्यावर माकडं आहेत आणि त्यांना कॅनव्हासच्या मागे केळी आहेत हे बरोबर कळतं. दादाची एक जाळी तशीच गेली. घाटात मुक्काम करणार असाल आणि पॉप-अप असेल तर खाणं केबिनमध्ये, बंद.

आता गॅस आणि वीज, इथे मी दोघांनाही तेवढंच बजावतो. माझ्याकडे पाच किलोचा सिलिंडर आहे. एलपीजी हवेपेक्षा जड, गळाला की खाली साठतो आणि जमिनीलगत पसरतो, म्हणून सिलिंडरचा कप्पा आतल्या खोलीपासून पूर्ण बंद पाहिजे, त्याचं दार बाहेरून उघडणारं आणि तळाला थेट रस्त्याकडे भोक. गॅसचा अलार्म जमिनीपासून वीतभर वर लावायचा, आणि कार्बन मोनॉक्साइडचा, म्हणजे बंद जागेत काही जळताना होणाऱ्या विषारी वायूचा, वेगळा, झोपताना नाक जिथे असतं त्या उंचीला. हा दुसरा बरेच जण टाळतात, गॅसचा वास तर येतोच ना म्हणून. एलपीजीत वासासाठी मुद्दाम द्रव्य मिसळलेलं असतं, कार्बन मोनॉक्साइडला ना वास ना रंग, माणूस झोपेतून उठतच नाही. कडक डबा हवाबंद असतो म्हणून धोका जास्त, पण थंडीत दादापण कॅनव्हासच्या सगळ्या चेन लावून झोपतो, तेव्हा फरक फार राहत नाही. शेगडी पेटवून ऊब घ्यायची नाही, कोळशाची सिगडी आत आणायची नाही, यावर आमच्याकडे चर्चाच होत नाही. गाडी चालू करायच्या आधी सिलिंडरचा कॉक बंद. रबरी नळीवर तारीख असते, घरी ती पाच वर्षं चालवतात, गाडीच्या हादऱ्यांमुळे मी दोन वर्षांत बदलतो.

दादाने गॅस ठेवलाच नाही, इंडक्शन वापरतो, वजनही वाचतं. पण हिशोब बघा, १२ व्होल्टवर २,००० वॅट म्हणजे १६५ अॅम्पिअरच्या वर, शिवाय इन्व्हर्टर खातो ते वेगळं. पहिल्या ट्रिपला तो पूर्ण जोरावर खिचडी करत होता आणि प्लास्टिक जळल्याचा वास आला, बॅटरीच्या केबलचा लग, म्हणजे टोकाची धातूची कडी, काळा पडला होता, हात लावता येत नव्हता. केबल बारीक होती आणि फ्यूज होता पण बॅटरीपासून चार फुटांवर, म्हणजे मधली चार फूट केबल उघडी पडली असती तर फ्यूजचा उपयोग शून्य. आता जाड केबल, फ्यूज बॅटरीच्या टर्मिनलपासून वीतभरात, आणि इंडक्शन ८०० वॅटवरच. १०० अॅम्पिअर अवरची लिथियम म्हणजे १,२८० वॅट अवर, त्यात दोन वेळचा स्वयंपाक, फ्रिज आणि पंखा एका दिवसाचं निघतं, दुसऱ्या दिवशी ऊन किंवा गाडी चालणं लागतंच. लेड अॅसिड ठेवणार असाल तर चार्ज होताना हायड्रोजन निघतो, तिला बाहेर हवा जायला वाट द्या, झोपायच्या बेडखाली बंद पेटीत ठेवू नका. २ किलोचा एबीसी पावडरचा अग्निशामक दोघांकडे आहे, दाराशेजारी, स्वयंपाकाच्या मागे नाही. माझ्या डब्याला दुसरी वाट म्हणून बेडजवळची खिडकी पूर्ण उघडणारी करून घेतली, हे डबा बनतानाच सांगावं लागतं.

कागदाचं थोडक्यात. २०२१ मध्ये राज्याचं कॅरव्हॅन पर्यटन धोरण आलं तेव्हापासून लोकांना वाटतं काहीही बनवा, चालतं. तयार कॅरव्हॅनला एआयएस १२४ हे वेगळं मानक आहे, आणि डबा चासीला वेल्डिंग करून कायमचा बसवला तर मोटर वाहन कायद्याच्या कलम ५२ चा बदल होतो, तो आरसीत चढवून घ्यावाच लागतो, नाहीतर अपघातात विम्याचा क्लेम अडकतो. आमचे दोन्ही उतरवता येणारे आहेत, तरी आम्ही आरटीओ आणि विमा कंपनी दोन्हीकडे आधी जाऊन आलो. आणि चालत्या गाडीत डब्यात कुणीही बसायचं नाही, मुलं कितीही हट्ट करोत.

घाट उतरताना दोघांचं तंत्र एकच, ज्या गिअरमध्ये चढलो असतो त्याच गिअरमध्ये उतरायचं, ब्रेकवर पाय धरून ठेवायचा नाही. ब्रेक ऑइल दमटपणा ओढतं, त्यात पाणी गेलं की तापल्यावर वाफ होते आणि पेडल पोकळ जातं, म्हणून दर दोन वर्षांनी पूर्ण बदल. फरक वाऱ्याचा, ऐरोली पुलावर जोराचा वारा असला की माझा साडेनऊ फुटी डबा ढकलला जातो हे स्टिअरिंगला कळतं, मी ६० च्या पुढे जात नाही. दादाला त्याचं काही वाटत नाही.

माझं मत विचाराल तर: सिंगल केबिनची टनाच्या वर क्षमतेची गाडी, डबा ठेवायला झाकलेली जागा आणि पावसात फिरायची आवड, हे तिन्ही असेल तर कडक. यातलं एक जरी नसेल तर पॉप-अप घ्या, पावसाळा सोडून द्या. मधला मार्ग म्हणून हलका कडक डबा बनवून देतो म्हणणारे भेटतील, त्यात वजन नेमकं भिंतीच्या आतल्या आधारातून कमी केलेलं असतं, मी घेणार नाही.

शेवटचं राहिलं ते डबा बांधण्याचं. दादाचा आधी हौद्याच्या पत्र्यालाच हुक मारून बांधला होता, ६०० किलोमीटरमध्ये पत्रा हुकाभोवती फाटायला लागला. दोघांचेही टाय-डाऊन, म्हणजे डबा बांधायचे हुक, आता चासीला आहेत, चार टर्नबकल, म्हणजे फिरवून ताणायचे पेच, लॉक नटसह. डबा चढवताना चार कोपऱ्यांचे जॅक थोडे थोडे सारखे फिरवायचे, पेव्हर ब्लॉकवर जॅकखाली जाड प्लायचा तुकडा, आणि डबा जॅकवर असताना खाली किंवा आत कुणी नाही. पहिल्या पन्नास किलोमीटरमध्ये सगळं बसतं आणि टर्नबकल ढिले पडतात, दर वेळी पडतात. आम्ही मुरबाडला चहाला थांबतो तेव्हा डावीकडचे दोन मी आणि उजवीकडचे दोन बायको हाताने ओढून बघते, मग चहा सांगतो.