डेल्फी: अपोलोच्या आधीच्या देवींसाठी जायचं असेल तर

ग्रीसमधलं डेल्फी म्हणजे भविष्य सांगणाऱ्या अपोलो देवाचं प्राचीन स्थान. तिथल्या एकाच तिकिटात अवशेष आणि संग्रहालय दोन्ही येतात. बहुतेक लोक आधी डोंगर चढतात. अपोलोच्या आधी इथे असलेल्या देवींसाठी, म्हणजे धरणीमाता गाया आणि तिची लेक थेमिस यांच्यासाठी जाणार असाल तर आधी संग्रहालय करा, असं मी आग्रहाने सांगेन.

आम्ही अथेन्सहून एका प्रवासी कंपनीच्या बसने गेलो. गाइड बोलायला छान होती, पण खालच्या वाटेपासून वरच्या स्टेडियमपर्यंत तिने फक्त अपोलो सांगितला. गाया आली ती त्याने मारलेल्या पायथन सर्पाची आई म्हणून, एवढीच. मला हे फार लागलं. ग्रीक नाटककार एस्किलसचं 'युमेनिडीज' हे नाटक (इ.स.पूर्व 458) इथल्या अपोलोच्या मंदिरासमोरच सुरू होतं आणि तिथली पुजारीण पहिलं वंदन गायाला करते. भविष्य सांगण्याची गादी आधी गायाची, मग तिची लेक थेमिसची, मग दुसरी लेक फीबीची. फीबीने ती अपोलोला जन्माची भेट म्हणून दिली. रक्ताचा थेंब नाही. दुसरा नाटककार युरिपिडीस, त्याची गाया मात्र गप्प बसत नाही. थेमिसला हुसकावलं म्हणून ती माणसांना रात्री स्वप्नांतून भविष्य सांगू लागते, आणि तान्हा अपोलो देवांचा राजा झ्यूस याच्या सिंहासनाला बिलगून गाऱ्हाणं घालतो. या दोन कथा कानात असल्या की इथला प्रत्येक दगड वेगळा दिसतो.

संग्रहालयात सिफनोस बेटावरच्या लोकांनी देवाला वाहिलेल्या वस्तू ठेवायला बांधलेल्या कोषागाराची शिल्पपट्टी (इ.स.पूर्व 525च्या सुमाराची) आहे. उत्तरेच्या बाजूला देव आणि राक्षस यांचं युद्ध कोरलंय. सिंहांच्या रथातली देवी थेमिस मानली जाते. तिचा एक सिंह राक्षसाच्या अंगात दात रुतवतोय. आणि ते राक्षस गायाचीच मुलं! लेक आईच्या पोरांविरुद्ध लढतेय. मी या पट्टीसमोरून हलूच शकले नाही. रथ हाकणाऱ्याचा प्रसिद्ध ब्राँझ पुतळा, 'सारथी', मात्र पटकन बघितला, तिथे गर्दीही फार असते.

मग वर चढा. मंदिराच्या दक्षिणेला, बहुकोनी दगडांच्या भिंतीच्या खालच्या अंगाला गायाचं स्थान होतं. आज उघडे खडक आहेत, भव्य काही नाही. प्राचीन ग्रीक लेखक प्लुटार्क स्वतः इथला पुजारी. त्याच्या एका संवादातली मंडळी मंदिराच्या दक्षिण पायऱ्यांवर बसून गायाच्या स्थानाकडे आणि तिथल्या पाण्याकडे बघतात. शेजारी भविष्य सांगणाऱ्या सिबिलचा खडक. नॅक्सोस बेटाच्या लोकांनी उंच खांबावर बसवलेली स्फिंक्सही (बाईचं डोकं, सिंहाचं पंखवालं अंग) याच भागात होती, ती आता संग्रहालयात आहे.

आपलीच मुलं गिळणाऱ्या क्रोनसने तान्हा झ्यूस समजून गिळलेला दगड झ्यूसने पुढे इथेच, पार्नासोस डोंगराच्या पायथ्याशी रोवला, असं प्राचीन ग्रीक कवी हेसिअड सांगतो. बाळाला वाचवण्याची मसलत गाया आणि तिचा नवरा, आकाशदेव युरेनस यांची. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात प्रवासी लेखक पॉसेनियसने तो दगड पाहिला, त्यावर रोज तेल ओतत. आपल्याकडच्या तेल-शेंदराच्या तांदळ्यांसारखाच तो मला वाटला. आज तो तिथे नाही.

अथेन्सपासून अंतर साधारण 180 किलोमीटर. एका दिवसाची सहल घेऊ नका, ती दुपारच्या उन्हात धावतपळत उरकते. सार्वजनिक बसने जा, गावात मुक्काम करा आणि सकाळी दार उघडताच आत शिरा. पाण्याची बाटली भरून न्या, चढण बरीच आहे. गुडघे दुखत असतील तर स्टेडियम सोडलंत तरी चालेल. भिंतीपाशी मात्र थांबाच.