दगडी भाल्याचं टोक घडवायचंय? काच, काळा पत्थर की गारगोटी

नागपुरात राहून अश्मयुगीन पद्धतीचं भाल्याचं टोक घडवायला शिकायचं तर पहिली अडचण मालाची. परदेशातले हौशी लोक ज्यावर हात बसवतात तो फ्लिंट (चकमकीचा दगड) आणि ऑब्सिडियन (ज्वालामुखीची काच) आपल्याकडे मिळत नाही. हाताशी उरतात तीन गोष्टी: काच, बेसॉल्ट म्हणजे आपला काळा पत्थर, आणि गारगोटीच्या नावाखाली येणारे अकीक, कॅल्सेडनी, जास्पर. तिन्ही घडतात, पण प्रत्येकातून शिकायला मिळतं ते निराळं.

दोन-तीन महिन्यांत ओळखू येईल असं टोक हातात हवं असेल तर सरळ काच घ्या. ‘खऱ्या दगडापासूनच सुरुवात करा’ हा सल्ला ऐकायला भारी वाटतो, पण तो बहुतेक अशा लोकांकडून येतो ज्यांच्या गावात चांगला दगड मिळतो.

काचेत कण नसतात, त्यामुळे जोर सगळीकडे सारखा जातो आणि छिलका, म्हणजे दाबाने सुटणारी चकती, लांब, पातळ निघतो. काचवाल्याकडे १० किंवा १२ मिलिमीटरच्या काचेच्या कापून उरलेल्या पट्ट्या मागा. बाटलीचा तळही चालतो, फक्त टोक लहान होतं. यात कमीपणा काही नाही: ऑस्ट्रेलियातल्या किंबर्ली भागातल्या आदिवासींनी बाटल्यांच्या काचेतून आणि तारेच्या खांबांवरच्या इन्सुलेटरमधून देखणी टोकं काढली. टफन्ड (तापवून कडक केलेली) काच मात्र नको, दाब पडला की तिचे क्षणात बारीक खडे होतात. कबाड्याकडची जुन्या टीव्हीची पिक्चर ट्यूब जाडजूड दिसते, पण तिच्या काचेत शिसं असतं. तिला हातच लावू नका.

दाबायचं हत्यार घरीच होतं. लाकडी मुठीत अर्थिंगची ८ नंबरची तांब्याची तार ठोकायची आणि टोक कानशीने घासायचं. पुस्तकांत हरणाचं शिंग सांगितलेलं असतं, ते विसरा. पेंच-उमरेडच्या जंगलात गळून पडलेलं चितळाचं शिंगसुद्धा उचलणं किंवा जवळ बाळगणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात बसत नाही.

आता हाताची गोष्ट. काचेच्या कोऱ्या कडेवर थेट दाब दिला तर कड नुसती चुरते. आधी ती ग्राइंडिंग व्हीलच्या तुटक्या तुकड्यावर घासून बोथट करायची. तळहातावर टायरच्या जुन्या रबरी ट्यूबची जाड घडी, तिच्यावर काच. छिलका निघतो तो खालच्या, तळहाताकडच्या अंगाचा. म्हणून कड जाडीच्या मध्यरेषेपेक्षा थोडी खाली हवी. तांब्याचं टोक कडेवर रोवा, आधी आत रेटा, आणि रेटा न सोडता खाली दाबा. चट्ट आवाज होतो आणि छिलका ट्यूबवर पडतो. नुसतं खाली दाबलं तर निघतो तो आखूड, जाड तुकडा, आणि कड पायरीसारखी तुटते. ती पायरी पुढच्या प्रत्येक छिलक्याला आडवी येते.

काचेची खोटही इथेच आहे. पट्टी आधीच पातळ असते, त्यामुळे जाड दगड फटक्यांनी पातळ करण्याची खरी विद्या तिच्यावर शिकताच येत नाही.

ती विद्या काळ्या पत्थरावर येते. नागपूरच्या पश्चिमेला दख्खनच्या लाव्ह्याचाच दगड आहे आणि गिट्टीच्या खाणींमुळे त्याची ददात नाही. ओळखीच्या खाणवाल्याला विचारून ताजा फुटलेला तुकडा घ्या, वरची कुजकी साल नको. ठोकून बघा. खणखणला तर ठीक, बद्द वाजला तर आत भेग आहे. मुठीएवढ्या गुळगुळीत गोट्याने ९० अंशांपेक्षा कमी कोनाच्या कडेवर मारायला शिका. यातून हातकुऱ्हाड, म्हणजे दांडा नसलेलं, मुठीत धरायचं दगडी हत्यार, उत्तम होते. भाल्याची बारीक धार मात्र जमत नाही, कारण बेसॉल्ट चिवट असतो आणि हाताच्या दाबाला दाद देत नाही. पुरातत्त्व शिकणाऱ्याने खरं तर इथूनच सुरुवात करावी. भिंतीवर लावायला टोक हवं असणाऱ्याने नाही.

गारगोटी सगळ्यात सुंदर आणि नवशिक्यासाठी सगळ्यात कुचकामी. काळ्या पत्थराच्या पोकळ्यांत तयार झालेले हे गोळे शेतांत सापडतात, पण बहुतेक लहान आणि आतून तडकलेले. जुन्या लोकांनी मध्य भारतात त्यातून इवलाली दगडी हत्यारं, म्हणजे सूक्ष्मास्त्रं, काढली, नागपूरजवळच्या आपल्या माहुरझरीत मणी घडवले. भाल्याच्या टोकाएवढा निर्दोष तुकडा मिळणं नशिबावर. गुजरातेतल्या खंभातचे कारागीर अकीक आधी मंद आचेवर भाजतात, त्याने तो सहज फुटतो. हे पुढचं शिक्षण.

धुळीचा हिशेबही वेगळा. अकीकाची धूळ स्फटिकी सिलिकाची. खंभातच्या कारागिरांमध्ये सिलिकोसिस हा या धुळीने होणारा फुप्फुसांचा जुना रोग आहे. काचेच्या धुळीत तो धोका नाही, पण सुईसारखे कण डोळ्यांत आणि पायांत जातात. तिन्हींसाठी गॉगल आणि एन-९५ मास्क घाला, बसा उघड्यावर, शक्यतो हिवाळ्यात. घरात पंख्याखाली अजिबात नको.

शेतात सापडलेलं जुनं सूक्ष्मास्त्र घडवायला घेऊ नका, आणि आपला कचरा नागपूरजवळच्या जुनापाणीच्या शिळावर्तुळांजवळ (दगडांच्या प्राचीन कड्यांजवळ) किंवा कुठल्याही माळावर टाकू नका. उद्या कोणी सर्वेक्षणाला आलं तर तुमचे छिलके प्राचीन म्हणून मोजले जातील. जाड पोत्यात भरा, वर ‘काच’ असं मोठ्या अक्षरात लिहा आणि कचरागाडीवाल्याच्या हातात द्या.