पुटीमधल्या चौकटी: काही महिन्यांच्या वापरानंतर

ऑफिसच्या विंडोज मशीनवरून लिनक्स सर्व्हरवर जायला मी रोज पुटी हा टर्मिनल प्रोग्रॅम वापरतो. मिडनाइट कमांडर हा दोन पॅनलचा फाइल मॅनेजर त्यात दिवसभर उघडा असतो. त्याच्या दोन पॅनलमधली रेघ बिघडली की कुठली फाइल कुठल्या पॅनलमध्ये आहे हे शोधताना डोळे दमतात.

एका सर्व्हरवर चौकटीच्या जागी 'एल क्यू क्यू क्यू के' अशी अक्षरांची माळ यायची. याचं मूळ १९७८ च्या व्हीटी१०० टर्मिनलमध्ये आहे. एस्केप, उघडा कंस, शून्य असा क्रम आला की पुढची स्मॉल अक्षरं रेघा म्हणून काढायची, ही त्याची पद्धत. क्यू म्हणजे आडवी रेघ, एक्स उभी, एल आणि के वरचे दोन कोपरे. पुटी यूटीएफ-८ मध्ये (युनिकोड अक्षरं बाइटमध्ये लिहिण्याची पद्धत) असताना हा क्रम मुद्दाम मानत नाही. युनिकोडमध्ये रेघांना २५०० पासून २५७एफपर्यंत स्वतंत्र कोड आहेत, मग मोड बदलायचा कशाला? शिवाय बायनरी फाइल चुकून 'कॅट' कमांडने स्क्रीनवर ओतली गेली तर प्रॉम्प्टच्याच रेघा होत नाहीत. विचार पटतो, पण सर्व्हरला टर्मिनलचा प्रकार सांगणारा 'टर्म' हा व्हेरिएबल 'एक्सटर्म' असेल तर एनकर्सेस या स्क्रीन रंगवणाऱ्या लायब्ररीवरचे प्रोग्रॅम अजून जुनाच क्रम पाठवतात.

उपाय पुटीच्या सेटिंग्जमध्ये, 'विंडो' गटातल्या ट्रान्सलेशनच्या पानावर आहे. यूटीएफ-८ मध्येही व्हीटी१०० रेघा चालू ठेवणारी टिक केली, की चौकटी लगेच जागेवर येतात. जुन्या पुटीत ही टिक नाही. तिथे सर्व्हरवर एनकर्सेसचा 'नो यूटीएफ८ एसीएस' हा व्हेरिएबल १ करावा.

रेघेच्या जागी टोपीवाला 'ए' आणि मागे कचरा दिसला तर मात्र ही टिक कामाची नाही. सर्व्हर यूटीएफ-८ पाठवतोय आणि पुटी ते लॅटिन-१ (एका अक्षराला एकच बाइट) समजतेय, म्हणून एका रेघेचे तीन बाइट सुटे दिसतात. त्याच पानावर रिमोट कॅरेक्टर सेट बदलला की झालं.

त्याच पानावरच्या 'पुअर मॅन्स' रेघांच्या पर्यायाकडे लोक दुर्लक्ष करतात, मला तो आवडतो. व्हीटी१०० च्या रेघा अधिक, वजा आणि उभ्या दांडीने काढल्या जातात, आणि कॉपी केल्यावर तशाच येतात. सपोर्टच्या तिकिटात तक्ता चिकटवायला उत्तम.

खटकतं ते सेव्ह करणं. बदल केल्यावर सेशनच्या पानावर परत जाऊन सेव्ह दाबलं नाही, तर पुढच्या वेळी सगळं पूर्ववत. टिक 'डिफॉल्ट सेटिंग्ज' लोड करून त्यातच ठेवा. नवी सेशन्स ती घेऊनच येतील, जुनी मात्र एकेक करून बदलावी लागतात.