पावसाळाभर ‘गोलाध्याय’

भास्कराचार्यांच्या सिद्धान्तशिरोमणी या ज्योतिर्गणिताच्या ग्रंथातला ‘गोलाध्याय’ हा भाग जूनमध्ये घेतला, आता दिवाळी आली. रात्री जेवणं उरकली की दोन-तीन श्लोक आणि त्यांखालचं भास्कराचार्यांचं स्वतःचंच वासनाभाष्य (वासना म्हणजे इथे उपपत्ती), असा क्रम ठेवला. शाळेपुरतं संस्कृत असलं तरी भाष्याच्या आधाराने निभतं. गणिताची धास्ती असेल तर भुवनकोशापासून, म्हणजे पृथ्वी आणि विश्वाच्या वर्णनाच्या प्रकरणापासून, सुरुवात करा.

मला एकच गोष्ट बघायची होती. श्रद्धावान गणिती ११५० साली पुराणातल्या सृष्टीचं काय करतो?

भुवनकोशाच्या पहिल्याच श्लोकात प्रकृती-पुरुष, महत्, अहंकार, पंचभूतं, ब्रह्मांड हा उत्पत्तीचा सगळा क्रम परब्रह्माच्या जयजयकारासकट येतो. लगेच पुढच्या श्लोकात पृथ्वीचा गोल अंतराळात, कशाच्याही आधाराविना! पुराणांत तर शेष आहे, कूर्म आहे. आचार्य म्हणतात, साकार आधार मानलात तर त्या आधारालाही आधार लागेल, त्याला आणखी एक, याला अंत नाही. शेवटच्याला स्वतःची शक्ती मानायचीच, तर पहिल्यालाच का मानू नये? आणि पृथ्वी शिवाच्या अष्टमूर्तींपैकी एक नाही का? हा शेवटचा प्रश्न वाचून मी पुस्तक मिटून बसलो. समोरच्याच्या श्रद्धेला धक्का न लावता त्याच श्रद्धेतून त्याला उत्तर दिलंय.

सूर्यसिद्धान्त हा जुना ज्योतिषग्रंथ सृष्टी घडायला ४७,४०० दिव्य (देवांची) वर्षं देतो आणि ती हिशेबातून वजा करतो. भास्कराचार्य आधीच्या ब्रह्मगुप्त या गणित्याच्या वाटेने कल्पाच्या, म्हणजे ब्रह्मदेवाच्या दिवसाच्या, आरंभापासूनच ग्रह चालवतात. ब्रह्मदेवाचं निम्मं आयुष्य सरलं की साडेआठच वर्षं, या वादावर ते म्हणतात, ‘भवत्वागमः कोऽपि नास्योपयोगः’. आगम (शास्त्रवचन) कोणताही खरा असो, ग्रहांची स्थानं काढायला ब्रह्मदेवाच्या चालू दिवसाचा गेलेला काळ पुरतो. आकाशकक्षा, म्हणजे आकाशाचा परीघ, १,८७,१२,०६,९२० कोटी योजनं, तिथेही तेच: ब्रह्मांड एवढं असो वा नसो, कल्पात ग्रह एवढं अंतर कापतो. पुराणाला ते खोटं म्हणत नाहीत आणि गणितात शिरूही देत नाहीत. मला हे फार मोलाचं वाटतं.

पटलं नाही ते ग्रहणवासनेत, म्हणजे ग्रहणांच्या प्रकरणात. चंद्रग्रहण भूछायेमुळे, सूर्यग्रहण चंद्रामुळे हे चोख सिद्ध केल्यावर, वरदान मिळालेला राहू त्या छायेत आणि चंद्रबिंबात शिरून झाकतो, म्हणून आगमांशी विरोध नाही, असा श्लोक येतो. आधाराच्या युक्तिवादाचं तेज इथे नाही, ही नुसती तडजोड आहे. मात्र ग्रहणाच्या स्पर्श-मोक्षाच्या (लागण्या-सुटण्याच्या) वेळा काढताना हा पुराणातला राहू कुठेच लागत नाही.

माझी प्रत जुन्या छपाईवरून काढलेली. जोडाक्षरं पुसट, आकृत्या तुटपुंज्या. पानाच्या कडेच्या समासात त्या मीच काढत गेलो. घेताना वासनाभाष्य आहे ना, तेवढं पाहून घ्या. नुसत्या श्लोकांच्या प्रतीत हे वाद कळतील, त्यांमागचं गणित कळणार नाही.